आमची वाटचाल : ऑटोक्लेव्हच्या दुरुस्तीपासून स्पोअर टेस्टपर्यंत

साताऱ्यात आमच्या कामाची सुरुवात डेंटल क्लिनिकमधले कॉम्प्रेसर आणि उभे ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारी मशीन) दुरुस्त करण्यापासून झाली. कॉइल जळली, गॅस्केट कडक झालं, सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला, तेवढ्यापुरतं बोलावणं यायचं. मशीन तापलं, दाब धरला की काम संपलं. पण तापलेल्या मशीनमधूनही हत्यार अशुद्ध बाहेर येऊ शकतं, आणि पुढचा पेशंट तेच तोंडात घेतो. वाफ प्रत्यक्ष पृष्ठभागाला लागली तरच जंतू मरतात. त्यामुळे वाफेच्या वाटेत काय काय आडवं येतं ते शोधणं, हाच हळूहळू आमचा खरा धंदा झाला.

पाचगणी-महाबळेश्वरच्या दवाखान्यांमुळे या कामात खोल शिरावं लागलं. दाबाच्या गेजवर १५ पौंड दिसले की आत १२१ अंश, असं सगळे धरून चालतात. समुद्रसपाटीला ते बरोबर आहे. पाचगणी सव्वाचार हजार फुटांवर. तिथे बाहेरच्या हवेचाच दाब कमी, म्हणून गेजवर तेच १५ पौंड असताना आत वाफ जेमतेम ११९ अंशांपर्यंत जाते. हजार फुटांमागे अर्धा पौंड वाढवायचा, म्हणजे तिथे १७ च्या आसपास. चेंबरचं तापमान मोजून चालणाऱ्या मशीनला ही अडचण नाही. दुसरा घोळ अडकलेल्या हवेचा. एक्झॉस्टमधून वाफेची सलग धार येण्याआधीच व्हॉल्व्ह बंद केला तर हवा आत राहते. काटा दाब दाखवतो, तापमान मात्र कमीच.

एअरोटरच्या, म्हणजे दात कोरायच्या हातातल्या ड्रिलच्या, आतल्या बारीक नळ्यांमधली हवा तर नुसत्या वाफेच्या रेट्याने निघतच नाही. त्यासाठी व्हॅक्यूम पंपाने हवा पुन्हा पुन्हा खेचून मग वाफ सोडणारं क्लास बी मशीन लागतं; १३४ अंशांना किमान ३ मिनिटं. क्लास एन, म्हणजे असा पंप नसलेलं साधं मशीन, फक्त भरीव आणि पाकिटात न घातलेल्या हत्यारांसाठी. कमी बजेटमुळे कुणी क्लास एन मागितलं, तर एअरोटर कशात करणार, हे आम्ही आधी विचारतो.

सगळ्यात जास्त चुका मात्र मशीनच्या अलीकडे, सिंकपाशी होतात. फॉरसेपचा (दात काढायच्या चिमट्याचा) सांधा भिंगाखाली उघडून पाहा: वाळलेल्या रक्ताची तपकिरी रेघ आत दिसते. त्या थराखाली वाफ पोचत नाही. म्हणून वापर झाल्याबरोबर हत्यार ओलं ठेवायचं, एन्झाइमच्या द्रावणात अल्ट्रासोनिकला ५ ते १० मिनिटं, सांधे उघडे. एअरोटर त्यात कधीच टाकायचा नाही. बाहेरून पुसून, तेल देऊन, जादा तेल निघेपर्यंत फिरवून मग पाकिटात. काही ठिकाणी हत्यारं हायपोत (क्लोरीनच्या जंतुनाशक द्रावणात) बुडवून ठेवतात. क्लोरीनने स्टीलला खड्डे पडतात आणि पुढे त्याच खड्ड्यांत घाण बसते. हायपो फरशीसाठी आणि सांडलेल्या रक्तासाठी ठेवा.

पाकिटं उभी, एकमेकांना न चिकटवता रचायची. ट्रे ठासून भरला की मधली पाकिटं ओली निघतात. ओल्या कागदातून जंतू आत शिरतात, म्हणून ओलं पाकीट निर्जंतुक धरायचं नाही. घाई असली तरी वाळवण्याचा टप्पा सोडू नये. मध्येच लाईट गेली तर उरलेली मिनिटं जोडून चालत नाही, सायकल पहिल्यापासून.

माण-खटावकडे बोअरचं पाणी जड. हीटरवर आणि सेन्सरवर क्षार चढला की मशीन खोटं तापमान सांगू लागतं. डिस्टिल्ड पाणीच घाला. जारच्या पिण्याच्या पाण्यातही क्षार असतात. खुर्चीच्या पाण्याच्या नळ्यांकडे तर फार थोडे लक्ष देतात. त्यांच्या आत जंतूंचा चिकट थर धरतो. सकाळी २ मिनिटं, प्रत्येक पेशंटनंतर २० ते ३० सेकंद पाणी सोडायचं. त्यानेही तो थर निघत नाही. त्याला ठरावीक काळाने औषधच लागतं. मिलिलिटरमागे ५०० कॉलनींच्या आत पाणी असावं.

"पट्टीचा रंग बदलला की, झालं!" असं असिस्टंट ताई म्हणतात. पाकिटावरची पट्टी एवढंच सांगते की ते वाफेत जाऊन आलं. जंतू मेले का, ते स्पोअर टेस्ट सांगते: छोट्या कुपीत वाफेला चिवट अशा जंतूंचे जिवंत स्पोअर (बीजाणू) असतात, ते वाढले की कुपीचा रंग बदलतो. म्हणून आता दुकानात इनक्युबेटर (कुप्या ठरावीक तापमानाला ठेवायची पेटी) ठेवला आहे. कराड-फलटणहूनही कुप्या येतात. आठवड्यातून एकदा एक कुपी लोडच्या मध्यभागी ठेवायची, त्याच लॉटची दुसरी बाहेर. सायकल झाल्यावर दोन्ही इनक्युबेटरमध्ये ५५ ते ६० अंशांना, २४ ते ४८ तास. बाहेरच्या कुपीचा रंग बदलायलाच हवा, नाहीतर टेस्टच बाद. आतलीचा बदलला तर मशीन त्याच क्षणी बंद. गॅस्केट, लोड, पॅकिंग तपासून पुन्हा टेस्ट. तीही बिघडली, तर मागच्या चांगल्या टेस्टनंतरची कपाटातली सगळी पाकिटं फोडून पुन्हा धुण्यापासून सुरुवात.