मास्क बाहेर, डेटा आमच्याकडे: आमची वाटचाल

आमची छोटी कंपनी पुण्यातून चिपच्या फोटोमास्कचा डेटा तयार करते. फोटोमास्क म्हणजे चिपची नक्षी सिलिकॉनच्या चकतीवर (वेफरवर) छापायची काचेची पाटी. एका मास्कवरून हजारो वेफर निघतात. त्यामुळे चिपचा खप वाढला म्हणून मास्क शॉपचे, म्हणजे मास्क बनवणाऱ्या कारखान्याचे, काम वाढत नाही. नवी डिझाइन आली तरच वाढते. रायटर (मास्कवर नक्षी उमटवणारे यंत्र), तपासणी, दुरुस्ती यांची कोट्यवधींची यंत्रे मात्र काम असो-नसो पोसावीच लागतात. स्वतःचे मास्क शॉप म्हणूनच अनेक चिप कंपन्यांना परवडेनासे झाले. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये २००२ साली एएमडी, इन्फिनिऑन आणि ड्यूपॉन्ट फोटोमास्क्स यांनी मिळून एएमटीसी ही सामाईक मास्क कंपनी काढली, ती हाच बोजा वाटून घ्यायला. बरेचसे काम टोप्पान, डीएनपी, फोट्रॉनिक्स या बाहेरच्या मास्क कंपन्यांकडे वळले आणि ग्राहक व मास्क शॉप यांच्या मधल्या कामाला आमच्यासारख्यांना जागा मिळाली.

सुरुवात फ्रॅक्चरिंगपासून. जीडीएस फाइलमधल्या (चिपच्या आराखड्याच्या फाइलमधल्या) आकृत्या रायटरला कळतील अशा समलंब तुकड्यांत तोडायच्या, बारकोड आणि अलाइनमेंट मार्क (जुळवणीच्या खुणा) बसवायचे, मग मूळ फाइलशी एक्सॉर करायचे, म्हणजे दोन्हींतला फरक काढून पाहायचा. तिरक्या रेषा ग्रिडवर नीट बसल्या नाहीत की बारीक चिरफळ्या पडतात आणि तिथे रेषेची रुंदी बिघडते. टोन (कोणता भाग पारदर्शक, कोणता अपारदर्शक), मिरर (आरशातली उलट प्रतिमा) आणि स्केल (मास्कवरची नक्षी वेफरवरच्या किती पट) या तीन रकान्यांवर दोघांच्या सह्या हव्यातच. वेफरवर नक्षी छापणाऱ्या यंत्रांपैकी स्कॅनरला स्केल ४ पट, जुन्या आय-लाइन स्टेपरला बहुधा ५ पट. इथली चूक मास्क शॉपच्या तपासणीत सापडत नाही, कारण ते दिलेल्या डेटाशीच ताडून पाहतात.

पुढे दुसरा पुरवठादार शोधण्याची कामे आली. ज्या शॉपची यंत्रे रिकामी ते दर पाडते, आणि ग्राहक चिपच्या मास्कांचा अर्धा संच तिकडे पाठवू म्हणतो. आमचे म्हणणे ठाम असते: ॲक्टिव्ह, पॉली, काँटॅक्ट, मेटल-१ हे चिपचे बारीक, एकमेकांशी नेमके जुळावे लागणारे थर एकाच रायटरवर ठेवा. दोन रायटरांची प्लेसमेंट (नक्षी नेमकी कुठे पडते ते) हुबेहूब जुळत नाही. मास्कवरचा २० नॅनोमीटरचा फरक ४ पटीच्या स्कॅनरवर ५ नॅनोमीटर होऊन वेफरवर उतरतो आणि ओव्हरलेच्या (थरावर थर जुळण्यातल्या चुकीच्या) बजेटमधून थेट वजा होतो. इम्प्लांट, पॅड असले ढोबळ थर खुशाल स्वस्तात करून घ्यावेत.

दरपत्रक आले की रायटर कोणता आणि तपासणी कशी, हे आम्ही आधी विचारतो. मास्कवर एकच डाय (एका चिपची नक्षी) असेल तर डाय-टू-डाय, म्हणजे दोन सारख्या डाय एकमेकींशी ताडणारी, तपासणी चालतच नाही. मूळ डेटाबेसशी ताडावे लागते, त्याला जास्त वेळ आणि जास्त पैसे लागतात, आणि स्वस्त दरात बऱ्याचदा नेमके तेच धरलेले नसते.