पानं पिवळी पडली की आधी कुंडीत बोट घाला

राजारामपुरीत आमच्या गच्चीवर आईची लाल जास्वंद आहे, गणपतीला फूल तिचंच. यंदा जुलैत पाऊस लागला तो हटायलाच तयार नाही आणि जास्वंदीची पानं खालनं पिवळी पडायला लागली, रोज सकाळी कुंडीभोवती आठ-दहा पानांचा सडा. मला वाटलं खत कमी पडलंय म्हणून चमचाभर युरिया टाकला, तर चार दिवसांत निम्मं झाड उघडं.

आई म्हणाली, "आरं, मातीत बोट घालून बघ की आधी." घातलं तर दोन पेरांखाली नुसता चिखल आणि कुजका वास. कुंडी आडवी केली तर बुडाचं भोक गच्च बुजलेलं. मुळांना पण हवा लागते, पाणी साचलं की ती मिळत नाही, मुळं कुजतात, मग खाली पाणी-खत असून वर काहीच चढत नाही, त्यामुळं झाड अगदी उपाशी असल्यासारखं दिसतं, इथंच मी फसलो. काळी मऊ मुळं कापली, पांढरी ठेवली, लाल माती, वाळू आणि जुनं शेणखत मिसळून परत लावलं, भोकावर खापरी ठेवली आणि कुंडी पत्र्याखाली आणली.

तेव्हापासनं पिवळं पान दिसलं की कुठलं पान ते बघतो. माती बरी आहे आणि खालची जुनी पानं सगळी सारखी पिवळी होतायत, तर बहुतेक नत्र (नायट्रोजन) कमी, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून कोवळ्याला देतं. शेंड्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह कमी. शेजारच्या काकूंच्या लिंबाला असंच झालेलं, त्या बोअरचं क्षाराचं पाणी घालायच्या, मातीत लोह असलं तरी अशानं मुळांना घेता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल असं लोह, फवारलं, पावसाचं पाणी साठवून घातलं, मग नवी फूट हिरवी आली. उन्हाळ्यात पानावर बारीक फिकट ठिपके आणि मागं जाळी असली तर लाल कोळी ही बारीक कीड, पानांच्या मागनं पाण्याचा जोराचा फवारा मारायचा.

आणि थंडीत चाफा पानं टाकतोच, कढीपत्ता पण पिवळा पडतो, तेव्हा घाबरून जास्त पाणी घालू नका, खरंच.

जास्वंदीला परवा पहिली कळी दिसली. गणपतीला नऊ दिवस राहिलेत, आई चहाच्या आधी गच्चीवर जाऊन बघून येते.