लाल टोपण, केशरी टोपण : वॉर्ड चुकांमधून कसा शिकतो

इन्सुलिनच्या सिरिंजला लाल टोपण असेल तर ती ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या इन्सुलिनसाठी, केशरी असेल तर १०० च्या. ठाणे असो की नवी मुंबई, हे माहीत नसलेली सिस्टर शोधून सापडणार नाही. तरीही चूक होते. पेशंटने घरून इन्सुलिन पेनचं ३ मिलिलिटरचं कार्ट्रिज आणलेलं असतं, त्यात १०० चं इन्सुलिन असतं. पेनची सुई मिळत नाही, म्हणून हाताशी असलेल्या लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं जातं. २० च्या रेषेपर्यंत भरलं की अर्धा मिलिलिटर होतो आणि २० ऐवजी ५० युनिट जातात.

उलटी चूक जास्त फसवी. ४० चं इन्सुलिन केशरी टोपणाच्या सिरिंजने ओढलं तर २० ऐवजी ८ युनिटच मिळतात. साखर उतरत नाही म्हणून डोस वाढत जातो, तोच डोस डिस्चार्ज कार्डावर लिहिला जातो, आणि घरी योग्य सिरिंज वापरल्यावर साखर धाडकन खाली येते. वॉर्डात हे कुणाला कळतही नाही.

यावर नेहमीचा उपाय ठरलेला आहे : सिस्टरला मेमो, मग ट्रेनिंग, हजेरीपटावर सह्या. हा सगळ्यांत कमकुवत उपाय आहे असं माझं ठाम मत आहे, कारण जे शिकवलं ते तिला आधीच येत होतं. दोन्ही सिरिंज ट्रॉलीच्या एकाच कप्प्यात कशा आल्या, आणि पेनच्या सुया स्टोअरमध्ये का नव्हत्या, हे प्रश्न तसेच राहतात. एनएबीएच (रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणारं मंडळ) आणि सरकारी रुग्णालयांसाठीचे एनक्यूएएस हे दोन्ही गुणवत्तेचे निकष घटनेची नोंद आणि कारणांचा शोध मागतात. शोध माणसापाशी थांबला तर रजिस्टर भरतं, वॉर्ड मात्र आहे तसाच राहतो.

सुरुवात करायची ती होता होता राहिलेल्या चुकांपासून. अर्ध्या पानाचा फॉर्म पुरतो : काय होणार होतं, किती वाजता, कशामुळे थांबलं, वस्तू कुठे ठेवल्या होत्या. नाव लिहायची सक्ती नको. पहिले काही महिने नोंदी वाढतात आणि व्यवस्थापन घाबरतं. घाबरू नये, चुका तेवढ्याच असतात, फक्त आता त्या दिसू लागतात.

मग कारण शोधायला मीटिंग रूममध्ये न बसता सकाळी साडेसहाला ट्रॉलीपाशी उभं राहावं. साखर तपासणं, इन्सुलिन, सॅम्पल आणि आठ वाजता ओव्हर देण्याची (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सोपवण्याची) तयारी, हे सगळं एकाच तासात कोंबलेलं असतं. इन्सुलिन सातला दिलं आणि नाश्त्याची गाडी पावणेनऊला आली, तर सिरिंज बरोबर असूनही साखर फार खाली जाते. हे चार्टवर सापडत नाही. मावशींना विचारलं की लगेच कळतं.

बदल असा हवा की चूक करणंच अवघड व्हावं. वॉर्डात एकाच ताकदीच्या व्हायल (इन्सुलिनच्या छोट्या बाटल्या) ठेवाव्यात. फार्मसीने व्हायल आणि तिची सिरिंज एकत्रच द्यावी. घरून आलेल्या इन्सुलिनवर नाव आणि ताकद लिहून त्याचा डबा वेगळा करावा, पेनच्या सुया कायम शिल्लक ठेवाव्यात. ऑर्डरमध्ये ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा, कारण आकड्यापुढचा इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

हे सगळं एकदम सगळीकडे लागू करू नये. वॉल्टर शूहार्ट आणि एडवर्ड्स डेमिंग या गुणवत्ता सुधारणेच्या अभ्यासकांच्या कामातून आलेली पद्धत इथे चपखल बसते : ठरवा, करून पाहा, तपासा, सुधारा. एक वॉर्ड, एक पाळी, उद्याच. व्हायल आणि सिरिंजचं पाकीट एकत्र फ्रिजमध्ये ठेवलं की सिरिंजची वेष्टणं ओली होतात, हे पहिल्याच दिवशी दिसतं. मग दुसऱ्या दिवशी व्हायल फ्रिजमध्येच राहते, सिरिंज बाहेरच्या ट्रेमध्ये जाते, आणि दोन्हींवर एकाच रंगाची पट्टी लागते.

मोजायच्या गोष्टी तीनच. दर आठवड्याला दहा पेशंटची सिरिंज आणि व्हायल जुळते का. इन्सुलिनवरच्या पेशंटमध्ये ७० च्या खालची साखर किती वेळा आली. आणि २०० च्या वरच्या नोंदी वाढल्या का, कारण भीतीपोटी डोस कमी दिले जाऊ लागतात. आलेख कागदावर काढून मध्यकाची (निम्मे बिंदू वर, निम्मे खाली राहतील अशी) रेघ मारावी. सलग सहा बिंदू तिच्या एकाच बाजूला आले तर बदल खरा मानावा. एका चांगल्या आठवड्यावर पेढे वाटू नयेत.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. जुलैपासून डेंग्यू, मलेरिया, लेप्टोचे पेशंट वाढतात, जादा खाटा पडतात, एजन्सीच्या सिस्टर येतात, एका वॉर्डची ट्रॉली दुसऱ्यात फिरते. जे शिकणं फक्त इन-चार्ज सिस्टरच्या डोक्यात होतं, ते तिच्या रजेबरोबर जातं. म्हणून नियम फार्मसीच्या इश्यू स्लिपवर आणि ट्रॉलीच्या कप्प्यांतच बसवावा, आणि नव्या सिस्टरला पहिल्या ड्यूटीला दहा मिनिटं ट्रॉली दाखवावी.

काही धडे तर जगाने आधीच घेऊन ठेवलेत. पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलिलिटरच्या १५ टक्के अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतात, ती डिस्टिल्ड वॉटरसारखी दिसते, आणि तशीच शिरेत गेली तर हृदय थांबतं. साध्या वॉर्डातून ती आजच उचलावी.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या वीस खाटांच्या नर्सिंग होमलाही हे जमतं. क्वालिटी विभाग लागत नाही. एक वही, आलेखाचा कागद आणि आठवड्यातून पंधरा मिनिटं पुरतात. डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट, मामा आणि मावशी सगळे हजर हवेत. नोंदींवर काय केलं, हे तिथे वाचून दाखवायचं. काही करता आलं नसेल तर तेही कारणासकट सांगायचं, नाहीतर दोन महिन्यांत वहीत कुणी काही लिहीत नाही.