पंधरा झाली, नऊ राहिली

14 नोव्हेंबर, रात्री पावणेबारा

आज वहीचं मागचं पान उघडून मोजलं. वर्षभरात वाचायच्या 24 पुस्तकांपैकी 15 झालीत. वर्ष संपायला 47 दिवस राहिलेत, त्यात सेमिस्टरची परीक्षा, प्रॅक्टिकल, आणि रावेचा, म्हणजे गावात राहून केलेल्या कामाचा, रिपोर्ट अजून अर्धाच लिहून झालाय.

जानेवारीत ठरवलं तेव्हा हिशोब अगदी सोपा वाटला होता. वर्षाला 24 पुस्तकं, सरासरी अडीचशे पानांचं एक धरलं तर 6000 पानं, म्हणजे रोजची साडेसोळा. साडेसोळा पानं काय, मेसच्या रांगेत होतील! आणि खरंच झाली सुरुवातीला. फेब्रुवारीपर्यंत पाच संपली होती. 27 तारखेला मराठी भाषा गौरव दिनाला लायब्ररीत पुस्तकं मांडली होती तिथून 'बनगरवाडी' आणली आणि एका रात्रीत वाचली, सकाळी आठच्या लेक्चरला डोळे चुरचुरत होते पण दिवसभर डोक्यात तो मास्तर आणि ती ओस पडलेली वाडीच. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षेमुळे एकच झालं. त्याचं काही वाटलं नाही, परीक्षा ती परीक्षा.

मग जूनमध्ये रावे सुरू झालं. अ‍ॅग्रीवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते, बीएस्सी अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला काही महिने गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करायचं असतं. मला पारनेर तालुक्यातलं गाव मिळालं. दिवसभर मातीचे नमुने घे, बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखव (10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ टाकून त्यात बाजरीचं बी बुडवायचं, वर तरंगतं ते काढून टाकायचं, अरगट रोग टाळायला), संध्याकाळी त्याची डायरी लिही. मी बॅगेत 'गावगाडा' मुद्दाम टाकलं होतं. त्रिं. ना. आत्र्यांनी महसूल खात्यात नोकरी करत करत 1915 साली लिहिलेलं. गावात बसून गावावरचं पुस्तक वाचायचं, किती भारी वाटलं होतं! पण ती भाषा जड आहे, दिवसाला चार-पाच पानांच्या पुढं जाता येत नव्हतं, बलुतेदार-अलुतेदारांचं वाचून झालं की मी बाहेर ओट्यावर येऊन विचारायचे की इथं सुताराला पूर्वी किती धान्य मिळायचं, आणि मग ते उत्तर तासभर चालायचं. एका पुस्तकाला जुलै अख्खा गेला.

पण मला लिहायचंय ते आजींबद्दल.

ज्यांच्या घरी राहिले त्या काकांच्या आई. शाळा कधी पाहिलीच नाही त्यांनी. एकदा लाइट गेलेली, मी मोबाइलच्या टॉर्चवर वाचत बसलेले, तर म्हणाल्या, "पोरी, मनातल्या मनात काय वाचतीस, आम्हाला बी ऐकू दे की." माझ्याजवळ लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' होतं, स्वतःची प्रत, जानेवारीत वाचून झालेलं, यादीतलं पहिलं. आवडलेलं म्हणून परत बरोबर आणलं होतं. म्हटलं हेच वाचू. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं ते सोवळ्याचं वेड, माहेरची माणसं, लग्न... पाच-सात पानं झाली असतील. दुसऱ्या दिवशी भांडी घासायच्या आधीच आजींनी विचारलं, आज कधी वाचायचं?

मग रोजच. जेवणं झाली की आठ-दहा पानं. काकू भाजी निवडत ऐकायच्या, आठवीतली नात शेजारी. नगरचा उल्लेख आला तेव्हा आजी एकदम सरसावल्या, "आपलंच नगर का गं?" म्हटलं हो, आपलंच, टिळक कुटुंब नगरला राहायचं. त्या दिवसापासून लक्ष्मीबाई त्यांच्या ओळखीच्या झाल्या, जणू पलीकडच्या आळीतल्या.

1895 साली लक्ष्मीबाईंच्या नवऱ्यानं, ना. वा. टिळकांनी, बायकोला न सांगता बाप्तिस्मा घेतला, तो भाग आला त्या रात्री मी वाचायचं थांबले कारण आजींचं हूं हूं बंद झालं होतं. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग म्हणाल्या, "आमचे बी न सांगताच गेले व्हते मुंबईला. गिरणीत लागले ते तिसऱ्या वर्षी कळलं." काकूंच्या हातातली मेथी तशीच राहिली. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती.

मी जानेवारीत हेच पान वाचलं होतं. वाचून पुढं गेले होते, साडेसोळा पानं पूर्ण करायची म्हणून, हे आता लिहिताना आठवतंय आणि वाईट वाटतंय.

ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे पहिले दिवस असेच गेले. त्या काळात यादीत एकही नवीन नाव नाही. पुस्तक पूर्ण व्हायच्या आतच आमचं रावे संपलं, तेव्हा प्रत तिथंच ठेवून आले, नातीला म्हटलं पुढचं तू वाचून दाखव. ती आधी लाजली, अडखळत वाचते म्हणून. आजी म्हणाल्या, "अडखळ की, मला कुठं घाई हाय."

आज रूममेट म्हणाली की ते परत वाचलेलं पण मोज, सोळा होतील. मी खूप वेळ पेन हातात धरून बसले. नाही मोजलं. ते पुस्तक आता माझ्या यादीतलं नाहीच, त्यांच्या यादीतलं आहे.

नऊ राहिलीत. होतील तेवढी होतील, रविवारी सकाळचे तीन तास ठेवलेत आणि नगरला जाताना एसटीतले. परीक्षा संपेपर्यंत छोटी पुस्तकं घेणार आहे, 'युगान्त' डिसेंबरच्या सुट्टीसाठी बाजूला ठेवलंय, त्यातला एकेक लेख दिवसाला एकच वाचायचाय.

संध्याकाळी नातीचा फोन आला होता. सत्तर पानं राहिलीत म्हणाली. मागून आजींचा आवाज, "तिला विचार, ह्याच्यानंतर काय वाचायचं?" शनिवारी जातेय, 'बनगरवाडी' घेऊन.