तुम्ही विचारलंत म्हणून: लांब दगड

"एवढं होऊनही तुम्ही देवाला हात जोडता?" 30 सप्टेंबर जवळ आला की कुणीतरी विचारतंच. एरवी "हो" म्हणून मोकळा होतो. आज जरा नीट सांगतो.

1993 साली मी 19 वर्षांचा होतो. गाव किल्लारीजवळचं. रात्री गणपती बोळवून उशिरा आडवे झालो आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. तो क्षण मला आठवतच नाही. आठवते ती तोंडातली माती. उजाडल्यावर दगड उपसताना दिसलेला, नखांत अडकलेला रात्रीचा गुलाल. धाकटी बहीण दुपारी सापडली. त्यावर जास्त लिहीत नाही.

सुमारे 10,000 माणसं गेली. गावात बोललं जायचं की कुणाचं तरी पाप भोवलं. मी रोज हिशेब मांडायचो, नऊ वर्षांच्या पोरीचं कसलं पाप? देव्हारा ढिगाऱ्यात गेला होता, तो मी शोधलाही नाही.

पुनर्वसनाची कामं निघाली तेव्हा गवंड्याच्या हाताखाली लागलो, पोटासाठी. एकदा इंजिनियरसाहेबांनी अर्धवट उभी राहिलेली एक जुनी भिंत आमच्याकडून थराथराने उतरवून घेतली. आमच्याकडे समज अशी की भिंत जितकी जाड तितकं घर भक्कम. उतरवल्यावर दिसलं, ती एक भिंत नव्हतीच. आतली एक, बाहेरची एक, मधे गोटे आणि चिखल. दोघींना धरून ठेवणारा, या अंगापासून त्या अंगापर्यंत जाणारा लांब दगड कुठेच नव्हता. हादरा बसला की दोन्ही भिंती फुगून सुटायच्या आणि वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, खाली यायचं. माळवदावर दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून पांढरी माती टाकायची आमची रीत. आमच्या घरावर ती मीच टाकायचो. टोपल्या टोपल्या.

त्या दिवशी जेवलो नाही. पण पापाचा हिशेब तिथेच सुटला. ज्याच्यावर चिडलो होतो तो शिक्षा देणारा देव माझ्यापुरता संपला. दुसरा कधी आला, सांगता येत नाही. कामातच कुठेतरी आला असावा. (नकाशावर आमचा भाग तेव्हा भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. 2002 मध्ये तो झोनच रद्द झाला. शहाण्यांचंही चुकतं, एवढंच म्हणायचंय.)

आता मी स्वतः गवंडी आहे, पोरांना शिकवतोही. भिंतीत पहिला लांब दगड बसवताना हात जोडतो. मालक हसतात, हसू देत.

सरकारी घर मिळाल्यावरही आई तीन वर्षं अंगणातच झोपली, पावसात पत्र्याखाली. शेवटी मी जुन्याच दगडांची एक खोली बांधली. प्रत्येक लांब दगडाच्या टोकावर गेरूचा ठिपका दिला आणि तिला हाताला धरून फिरवलं. तिने एकेका ठिपक्यावर बोट ठेवलं, बाहेर जाऊन त्याचं दुसरं टोक शोधलं, परत आत आली. मोजलेही असतील, बोलली नाही. रात्री अंथरूण आत टाकलं. दाराशीच, पण आत.