ओरडतो बेल्ट, झिजते बेअरिंग

चिपळुणात पाऊस लागला की सकाळी गाडी सुरू करताना इंजिनाच्या उजव्या अंगाकडून चिवचिव ऐकू यायची. आवाज चिमणीसारखा तुटक होता. ॲक्सिलरेटर दाबला की चिवचिवण्याचा वेग वाढायचा आणि गाडी परशुराम घाटाला लागेपर्यंत आवाज बहुतेक वेळा थांबलेला असायचा. तो आपोआप थांबतो म्हणून मी पहिला पावसाळा तसाच काढला.

दुसऱ्या वर्षी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तेथे आवाज ऐकताच बेल्ट बदलून दिला. महिनाभर शांतता होती, मग तोच आवाज पुन्हा सुरू झाला. परत नेल्यावर बेल्ट आणखी ताणून दिला. त्याने चिवचिव कमी झाली, पण तिच्याखाली एक बारीक खरखर सुरू झाली आणि ती गाडी तापल्यावरही जाईना. मला जे सांगायचे आहे ते याच दोन फेऱ्यांत आहे. बेल्ट ओरडतो म्हणून तो बदलायचा आणि तरीही ओरडला तर आवळायचा, असे करत गेल्यास मूळ दोष जागच्या जागी राहतो आणि अति ताणलेला बेल्ट आजवर धड असलेल्या बेअरिंगांनाही, म्हणजे पुल्या ज्यांवर फिरतात त्या छर्‍यांच्या कड्यांनाही, खाऊ लागतो.

आपल्याकडे याला अजून फॅन बेल्टच म्हणतात, जरी आजच्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून निघालेला हा पट्टा माझ्या गाडीत अल्टरनेटर (गाडीसाठी वीज तयार करणारा भाग), पाण्याचा पंप आणि ए.सी.चा कॉम्प्रेसर फिरवतो आणि वाटेत आयडलर नावाच्या एका मोकळ्या पुलीवरून वळसा घेतो. बेल्टच्या पाठीवर ‘६पीके’ असे छापलेले असते; त्यातील ६ म्हणजे आतल्या बाजूच्या उभ्या धारांची संख्या, पीके म्हणजे त्या धारांचा आकार आणि पुढचा आकडा म्हणजे मिलिमीटरमधील लांबी. इंजिनातल्या झडपांच्या उघडझापीची वेळ सांभाळणारा टायमिंग बेल्ट ही निराळी वस्तू आहे. तो झाकणाआड असतो आणि पुरेशा माहितीशिवाय त्याला घरी हात लावू नये.

माझे बाबा एस.टी.च्या आगारात मेकॅनिक होते. त्यांचे पहिले वाक्य होते, “आधी ऐक, पाना नंतर उचल.” म्हणून आम्ही सुरुवात इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीने केली. थंड इंजिन सुरू करून, हात लांब ठेवून, बेल्टच्या धारांच्या बाजूवर साध्या पाण्याचा एक फवारा मारायचा आणि आवाजाचे काय होते ते ऐकायचे. बेल्ट ढिला असेल तर पाण्याने तो आणखी घसरतो आणि आवाज वाढून लांब किंकाळीसारखा होतो. पुल्या एका रेषेत नसतील तर पाणी काही क्षण वंगणाचे काम करते, आवाज बंद होतो आणि पाणी उडाले की परत येतो. आमची चिवचिव फवाऱ्यासरशी थांबली. मी मनात आकडे मोजत होते. सात म्हणेपर्यंत ती परतली. खात्रीसाठी हेडलाइट, ब्लोअर आणि ए.सी. एकदम चालू करून अल्टरनेटर व कॉम्प्रेसरवरचा भार वाढवला. ढिला बेल्ट अशा वेळी हमखास किंचाळतो. आमचा आवाज मात्र जसा होता तसाच राहिला. म्हणजे दोष ताणात नव्हता, रेषेत होता, आणि गॅरेजमध्ये तर नेमका ताणच वाढवला गेला होता.

खरखर शोधण्यासाठी बाबांनी त्यांचा लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याचे टोक फिरत्या भागांपासून दूर, अल्टरनेटरच्या न हलणाऱ्या अंगावर टेकवून त्यांनी मूठ कानामागच्या हाडाला लावली, मग आयडलरच्या ब्रॅकेटवर तेच केले आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. अल्टरनेटरमधून एकसंध गुणगुण ऐकू येत होती. ब्रॅकेटमधून मात्र कोरड्या वाळूवर पाय घासावा तसा आवाज थेट हाडात उतरत होता. ज्यांना चालत्या इंजिनाजवळ वाकण्याची सवय नाही त्यांनी ही पायरी खुशाल गाळावी, कारण तेच पुढे बेल्ट काढल्यावर हाताला कळते.

काम सुरू करण्यापूर्वी मी बांगड्या काढल्या, ओढणी घरात ठेवली, केस बांधले, किल्ली खिशात घातली आणि बॅटरीची ऋण तार सोडली. हे सगळे मी दर वेळी करते, कारण काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो. उजवे पुढचे चाक काढायचे असल्याने गाडी जॅकने उचलून तिच्याखाली पक्के स्टँड लावले. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालणे हा जिवाशी खेळ आहे. बेल्टची वाट दाखवणारे दोन फोटो घेतले. माझ्या गाडीत आपोआप ताण धरणारा टेन्शनर नाही, त्यामुळे अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करून ताणाचा स्क्रू उलटा फिरवला आणि बेल्ट उतरवला. नंतर बॅटरीची तार तात्पुरती जोडून, सारे हात आणि हत्यारे बाजूला घेऊन, इंजिन जेमतेम वीस सेकंद चालवले. बेल्टवाचून पाण्याचा पंप फिरत नाही, म्हणून याहून जास्त वेळ चालवू नये. दोन्ही आवाज गायब होते. इंजिनाच्या पोटात काही बिघडलेले नाही हे कळल्यावर मला फार हायसे वाटले.

तार पुन्हा सोडून एकेक पुली हाताने फिरवली. चांगल्या बेअरिंगमध्ये ग्रीस असते, त्यामुळे पुली जराशी जडपणे, आवाज न करता फिरते आणि लवकर थांबते. आयडलर मात्र एका टिचकीने भिंगरीसारखा फिरतच राहिला आणि फिरताना कोरडा सरसर आवाज करत राहिला. एवढे सैल फिरणे पाहून पुली उत्तम आहे असा समज होण्याची शक्यता असते, पण ती आतले ग्रीस संपल्याची खूण असते. मग पुलीची वरची आणि खालची कड दोन बोटांत धरून हलवली, तेव्हा ती केसभर कलली. क्रँकच्या पुलीच्या तोंडावर टेकवलेली पोलादी पट्टी आयडलरपर्यंत नेली, तर खालच्या कडेला ती चिकटत होती आणि वरच्या कडेला नख जाईल एवढी फट राहत होती. झिजलेल्या बेअरिंगमुळे पुली कलली होती आणि बेल्ट प्रत्येक फेरीत तिच्यावर तिरका चढत होता. ताण वाढवल्यावर त्याच बेअरिंगवरचा भार वाढला आणि खरखर सुरू झाली, हेही तेथेच उलगडले.

त्या आयडलरमध्ये ६२०३ क्रमांकाचे बेअरिंग होते. त्याचा आतला व्यास १७, बाहेरचा ४० आणि जाडी १२ मिलिमीटर. ते कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते, पण माझ्या आयडलरची पुली प्लास्टिकची असून बेअरिंग तिच्यात कायमचे बसवलेले असल्याने सबंध नगच घेतला.

उतरवलेला बेल्ट पाहण्यासारखा होता. त्याला एकही भेग नव्हती, आणि पूर्वीच्या बेल्टवर भेगाच शोधायच्या असतात या सवयीने बाबांनी तो चांगला ठरवला. आजचे बेल्ट ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. ते सहसा तडकत नाहीत, तर टायरसारखे झिजतात आणि धारांमधल्या खाचा रुंद होत जातात. मी तो उन्हाकडे धरून दाखवला: सहाही धारांची एकच बाजू आरशासारखी चकाकत होती आणि एका कडेचे दोरे सुटले होते. तिरक्या धावेची याहून स्पष्ट साक्ष नको होती. बेल्ट वर्ष-सव्वा वर्षाचाच असला तरी बदलावा लागला. ओरडणाऱ्या बेल्टला साबण, मेणबत्ती किंवा तेलाचा फवारा लावून गप्प करण्याची पद्धत अजून चालू आहे, आणि मी ती कळकळीने नाकारते. तेलाने हे रबर फुगते, लेपात धूळ चिकटते आणि ज्या आवाजावरून दोष शोधायचा तोच काही दिवस दबून राहतो.

पुल्यांच्या खाचांत जांभ्याची तांबडी माती दगडासारखी बसली होती. ती साबणाचे पाणी आणि जुन्या टूथब्रशने काढून पुल्या कोरड्या केल्या. सँडपेपर लावला नाही, कारण खरवडलेली पुली नवा बेल्ट झिजवते. आयडलरचा बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिल्याइतकाच टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळला. बेल्ट चढवल्यावर प्रत्येक पुलीवरून बोट फिरवले, तेव्हा अल्टरनेटरवर तो एक खाच सोडून बसलेला आढळला. डोळ्यांना हे दिसले नव्हते. तो नीट बसवून क्रँक पान्याने योग्य दिशेने एक पूर्ण फेरा फिरवली आणि पुन्हा बोट फिरवले. माझ्या पुस्तिकेप्रमाणे सर्वांत लांब मोकळ्या भागावर सुमारे १० किलोच्या जोराने दाबल्यास नवा बेल्ट ७ ते ८ मिलिमीटर दबायला हवा. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो, म्हणून माझा आकडा कोणी वापरू नये.

चाकाच्या आतले चिखल अडवणारे प्लास्टिकचे आवरण तीन क्लिपा गळाल्यामुळे लोंबत होते आणि रस्त्यावरचे पाणी सरळ बेल्टवर उडत होते. माझ्या मते आयडलरच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरले ते येथूनच. क्लिपा स्वस्त होत्या. त्या लावल्याशिवाय चाक चढवले नाही.

तीनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा मोजला, थोडा उतरला होता, तेवढाच भरून काढला. पाऊस अजून आहे आणि सकाळची चिवचिव परत आलेली नाही. मात्र ए.सी. बंद असताना कॉम्प्रेसरच्या पुलीपाशी बाबांना एक हलकी घरघर ऐकू येते. ती पुली ए.सी. बंद असतानाही फिरतच असते, त्यामुळे अति ताणाचा मार तिच्या बेअरिंगलाही बसला असावा. येत्या रविवारी बेल्ट उतरवून ती हाताने फिरवून पाहणार आहोत.