मंगळवारची सोबत

गेले दीड वर्ष मी दर मंगळवारी संध्याकाळी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतील एका कुटुंबाकडे जाते. यजमान वारल्यापासून ताई चार घरची धुणीभांडी करून दोन मुलींना शिकवत आहेत. आमच्या स्वयंसेवी गटात या कामाला 'मार्गदर्शन' म्हणतात, पण मला 'सोबत' हा शब्द अधिक योग्य वाटतो, कारण थोडक्या पैशांत घर कसे चालवावे हे ताई माझ्यापेक्षा कितीतरी चांगले जाणतात.

पहिले चार मंगळवार मुलींचा अभ्यास आणि नळाला पाणी येण्याची वेळ यांपलीकडे आमचे बोलणे गेले नाही. पाचव्या मंगळवारी ताईंनी भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून एका पानाची मागची बाजू मला दाखवली. तेथे पेन्सिलीने अकरा महिन्यांची नावे आणि प्रत्येकापुढे ८०० हा आकडा लिहिलेला होता. यजमानांच्या आजारपणात घेतलेल्या ८,००० रुपयांवर शेकडा दहा रुपये महिना व्याज चालू होते. ८,८०० रुपये भरूनही मुद्दल जागच्या जागी होते. एका भेटीत सर्वेक्षणाचा अर्ज भरून घेणाऱ्याला हे पान कधीच दिसले नसते.

वस्तीत बचत गट होता. परंतु एखादा हप्ता चुकला तर चारचौघींत मान खाली जाईल, या धास्तीने ताई त्यात गेल्या नव्हत्या. तीन बैठकांना मी त्यांच्याशेजारी नुसती बसले. सहा महिने दरमहा २०० रुपये नेमाने भरल्यावर गटाने त्यांना शेकडा दोन रुपये दराने ८,००० रुपये कर्ज दिले, जुने मुद्दल एकरकमी फिटले आणि पहिल्या महिन्याचे व्याज ८०० वरून १६० रुपयांवर आले.

शिधापत्रिकेच्या बाबतीत मात्र माझे चुकले. तिच्यावर कुटुंबप्रमुख म्हणून यजमानांचेच नाव राहिले होते. कागदपत्रे पुरती न तपासता मी ताईंना कार्यालयात पाठवले, एकेका कागदासाठी त्यांचे तीन खाडे झाले आणि एका घरी तेवढा पगार कापला गेला. आता मी आदल्या संध्याकाळी एकेक कागद पाहते आणि स्वतः बरोबर जाते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार शिधापत्रिकेपुरती घरातील १८ वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीच कुटुंबप्रमुख असते, हे तोवर मलाही ठाऊक नव्हते.

केवळ सोबतीने गरिबी हटते, असे मी म्हणणार नाही. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी सुरू केलेल्या कार्यक्रमात गाय किंवा शेळी यांसारखे उत्पन्नाचे साधन, काही काळ खर्चापुरते पैसे, प्रशिक्षण, बचत आणि सुमारे दोन वर्षे नियमित घरभेटी हे सारे एकत्र दिले जाते. भारतासह सहा देशांतील अशा कार्यक्रमांचा अभ्यास २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मदत थांबून वर्ष उलटल्यावरही त्या कुटुंबांची स्थिती सुधारलेलीच आढळली. म्हणूनच उन्हाळ्याच्या सुट्टीपुरते काम मागणाऱ्यांना मी कळकळीने सांगते की, दोन वर्षे देता येणार असतील तरच एखाद्या घराचा उंबरा ओलांडा. कारण तिसऱ्या महिन्यात येणे बंद करणाऱ्या माणसाला ते घर पुन्हा कॅलेंडरची मागची बाजू दाखवत नाही.

गेल्या मंगळवारी ताईंनी नवे पान दाखवले. त्यावर मोठीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेली रक्कम होती, आणि या वेळी आकडे मोठीने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते.